पिवळा म्हणजे पाणी चांगलं

शनिवार, १ मार्च

टाकी आली. जिन्याच्या वळणावर दोन माणसं आणि मध्ये काच अशी अडकली, की वाटलं आता उरलेलं आयुष्य शेजाऱ्यांना खिडकीतून ये-जा करावी लागणार. पण ही खाली उभी राहून सूचना देत होती. ही म्हणजे माझी बायको, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसल्यामुळे तिचा आवाज असा झालाय की समोरचा माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. टाकी न खरचटता दिवाणखान्यात पोचली.

हिचे वडील दीपगृहावर नोकरीला होते. ही लहानपणी ओहोटीला खडकांत जाऊन बसायची. तिथल्या एका खळग्यात बोटाएवढा एक मासा होता. भोकातून डोकं बाहेर काढायचा, डोळे गरागरा फिरवायचा आणि हिच्याकडे बघत बसायचा. लग्न झाल्यापासून मी त्या माशाबद्दल ऐकतोय. इथून समुद्र एका दिवसाच्या प्रवासावर आहे आणि हिचे गुडघे आता खडकांवर चढू देत नाहीत. मागच्या महिन्यात मी सहज बोलून गेलो, "तू समुद्राकडे जाऊ शकत नाहीस तर समुद्र घरी आणू." तिने असं काही बघितलं की शब्द परत घ्यायची सोय उरली नाही.

कामाची वाटणी झाली. मीठ, वाळू, दगड तिच्याकडे. पाण्याची तपासणी माझ्याकडे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग येतो, तो कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. मी रंगाच्या कारखान्यात जन्मभर दुसरं केलं काय? छटा जुळवायच्या खात्यात मला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'डोळा' म्हणायचे. कुठे दोन डब्यांत फरक वाटला की, "डोळ्याला दाखवा."

मंगळवार, ४ मार्च

माशांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, बाह्या कायम ओल्या, बोलणं अखंड. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मासेबाई ठेवलं.

"काका, तपासणीचे तीन प्रकार," त्यांनी टेबलावर मांडामांड केली. "या पट्ट्या. पाण्यात बुडवल्या की झालं."

"पट्ट्या म्हणजे अंदाजपंचे."

"बरोबर. गोड्या पाण्याला एक वेळ चालतात. हे थेंबांचे संच. आणि हे डिजिटल. यात नळी ठेवली, बटण दाबलं की आकडा येतो."

"म्हणजे रंग बघायलाच नको?" हिने विचारलं.

"बघायलाच नको, काकू."

"मग हेच घेऊ या ना."

मला हसू आलं. "अगं, घरात मी असताना?"

हिने मासेबाईंकडे बघितलं. मासेबाई फळीवरची धूळ झटकायला लागल्या. हिला बटणांच्या वस्तूंचा सोस आहे खरा. रेडिओसुद्धा हिला बटणांचाच लागतो, फिरवायचा नको. थेंबांचा संच घेतला.

खारटपणा मोजायलाही दोन प्रकार होते. एक तरंगणारा, त्यावर मासेबाईंचा स्वतःचाच विश्वास दिसला नाही. दुसरा छोट्या दुर्बिणीसारखा. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं. वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा वाचायचा. मला आत नुसतं धुकं दिसलं. मासेबाईंनी काच पुसून दिली. तरी धुकं. दुकानात मांडलेली वस्तू शंभर हातांतून जाते, तिचं दुसरं काय होणार? मी बंद खोक्यातला नवा घेतला.

गुरुवार, ६ मार्च

नव्या दुर्बिणीतही रेघ पुसटच. हिने माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी गेली आणि एका फटक्यात म्हणाली, "तेहतीस. अजून थोडं मीठ हवं. पस्तीसला थांबू."

तिची उंची माझ्यापेक्षा कमी आहे. खिडकीतला उजेड तिला बरोबर कोनात मिळत असणार. खारटपणा बघायचं काम तिला देऊन टाकलं.

रविवार, ९ मार्च

दिवाणखान्यातला दिवा बदलला. हिने कुठून तरी स्वस्तातले पिवळट दिवे आणलेत. बदललेलाही पिवळटच निघाला. हल्ली सगळाच माल असा येतो. माझे पांढरे शर्टसुद्धा धुऊन मळकट दिसतात, पण ते मी बोलून दाखवलं नाही. उगाच साबणावरून घरात वाद नको.

हिला अलीकडे गाडी चालवायची हौस आली आहे. संध्याकाळी बाहेर पडताना किल्ली तिच्या हातात असते. मला बरंच आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे लोक इतके प्रखर लावतात की रस्ताच दिसेनासा होतो. आणखी एक. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला हिने जाड पांढरी पट्टी चिकटवली आहे. मी विचारलं तर म्हणाली, "छान दिसतं." मला तर दवाखान्याच्या जिन्यासारखं वाटतं. पण तिची आवड.

शनिवार, १५ मार्च

टाकीत पाणी, वाळू, दगड सगळं आहे, फक्त मासा नाही. मासेबाईंनी बजावलंय की दगडांत आणि वाळूत चांगले जिवाणू रुजेपर्यंत पाण्यात अमोनिया राहतो. त्यात मासा सोडला तर तो बिचारा गुदमरून मरेल. तपासणीत पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरव्याकडे झुकलं तर आहे. एवढं साधं गणित.

पण हे कार्ड! असली छपाई आमच्या कारखान्यातून बाहेर गेली असती तर मी नोकरी सोडली असती. पहिले तीन चौकोन एकाच रंगाचे. मी दुसऱ्या कंपनीचा संच आणला. त्याच्या कार्डावर तर पाच चौकोन सारखे. मी हिला म्हटलं, "या लोकांकडे छटा जुळवणारा माणूस नाही, हे इथे बसून सांगतो."

हिने दोन्ही कार्डं खिडकीपाशी नेऊन बघितली. मग म्हणाली, "चहा ठेवते."

मंगळवार, १८ मार्च

लेकीचा फोन. ती दूर राहते, पण तिथे बसून घरातलं झुरळसुद्धा तिला दिसतं.

"बाबा, ते डिजिटल का नाही घेतलंत?"

"तुला कोणी सांगितलं डिजिटलचं?"

"आईने. सहज. आणि बाबा, चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले?"

"चष्मा उत्तम आहे. तुझ्या आईलाच विचार, मी रोज पेपर वाचतो."

हे तितकंसं खरं नाही. हल्ली पेपर हीच मोठ्याने वाचते. शाई फार फिकी झाली आहे आणि तिचा आवाज ऐकायला बरं वाटतं. माझ्यामागे या मायलेकींचं काहीतरी शिजतंय. माझा वाढदिवस जवळ आलाय. डिजिटल यंत्र भेट द्यायचा बेत असणार. मी अनभिज्ञ असल्याचं सोंग करणार आहे.

शुक्रवार, २१ मार्च

तपासणी झाली की हीच नळ्या उचलून स्वयंपाकघरात धुवायला नेते. एवढ्याशा नळ्या धुवायला तिला माझ्या आंघोळीइतका वेळ लागतो. किती ही टापटीप! मी असतो तर नुसतं विसळून ठेवलं असतं.

आज अमोनियाचा रंग मला पिवळसर वाटला. ही म्हणाली, "अजून आठवडाभर थांबू. घाई कशाला?" समुद्राजवळ वाढलेली माणसं धीराची असतात.

शुक्रवार, २८ मार्च

हे कालचं आहे. काल लिहायची ताकद नव्हती. आज सकाळी ही मासेबाईंकडे गेली आहे आणि घरात मी एकटा आहे, म्हणून लिहितो.

काल ही दिवसभर तिच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीकडे गेली होती. मी दुपारी पाणी तपासलं. पिवळं, स्वच्छ पिवळं. दोन्ही कार्डांवर पहिल्याच चौकोनाशी जुळणारं. म्हटलं, हीच वेळ. संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा मासा टाकीत असायला हवा. तोच मासा, खडकातला, भोकातून डोकं काढणारा. मासेबाईंच्या दुकानात तसा एक आलेला होता, मी आधीच बघून ठेवला होता.

मासेबाई म्हणाल्या, "पाणी तयार झालं?"

"पिवळं आहे."

"काकूंनी बघितलंय का?"

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी रंग बघतोय." त्यांनी मासा पिशवीत बांधून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते आता आठवून वाईट वाटतं.

घरी आलो. पिशवी बंद ठेवूनच टाकीवर तरंगत सोडली, आतलं पाणी टाकीइतकं कोमट व्हावं म्हणून. तेवढ्यात दार वाजलं. हिने पिशवी बघितली. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, सगळ्याचं चीज झालं. ती वाकली, पिशवीतल्या माशाशी काहीतरी पुटपुटली. मग एकदम ताठ झाली.

"अमोनिया बघितलात?"

"बघितला. पिवळा."

"मी बघते परत."

"कशाला? सांगतोय ना."

तिने ऐकलं नाही. नळी भरली, थेंब टाकले, हलवली, ठेवली. आम्ही दोघे त्या नळीपुढे उभे. शेवटी मी म्हटलं, "बघ. पिवळा."

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हिरवा आहे."

"कुठे हिरवा?"

"हिरवा आहे हो. परवाही हिरवाच होता. मी स्वयंपाकघरात नेऊन रोज बघते."

रोज. म्हणजे ते नळ्या धुणं. माझं डोकं फिरलं. मी नळी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि खाली उतरलो. इमारतीचा रखवालदार खुर्चीवर बसला होता. त्याच्या पुढे नळी धरली. "हा रंग कुठला?" त्याला वाटलं मला काहीतरी आजार झालाय. घाबरत म्हणाला, "हिरवा, साहेब. काही गंभीर नाही ना?" कोपऱ्यावरचा न्हावी दाढीचा साबण घोळवत होता. त्याने न विचारताच सांगितलं, "पोपटी." त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या फेसातून म्हणालं, "हिरवा हो. स्वच्छ हिरवा." फुलं विकणाऱ्या बाईने तर टोपलीतलं एक पान काढून नळीला लावून दाखवलं.

मला त्या पानात आणि नळीत फरक दिसत होता. पान मातकट होतं आणि नळी पिवळी.

परत येताना पहिल्या जिन्यावर बसलो. पायऱ्यांच्या कडेची पांढरी पट्टी बघितली. मग ती किल्ली, तो पेपर, ते दिवे, ते शर्ट. सगळं एकामागोमाग एक माझ्याकडे चालत आलं. जिना उतरताना मागच्या हिवाळ्यात दोनदा माझा पाय चुकला होता, ते मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, असं दिसतंय.

ही खाली आली. माझ्या शेजारी बसायला तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. मी म्हटलं, "तुझा मासा मेला असता."

"मेला नाहीये. पिशवीत आहे आणि त्याला भूक लागली असेल. उठा, मला एकटीला बादली उचलत नाही."

दुकान बंद झालेलं. मासेबाईंना फोन केला. त्यांनी एका शब्दाने मला बोल लावला नाही. "काका, घाबरू नका. ताजं मिठाचं पाणी करा, त्यात अमोनिया नसतो. टाकीतला हीटर बादलीत टाका, छोटा पंप लावा. आणि त्याला लपायला काहीतरी द्या, नाहीतर भेदरेल." मी गाळलेलं पाणी ओतलं, मीठ विरघळवलं. ही दुर्बिणीतून बघून सांगत गेली, "अजून थोडं… अजून… बास." लपायला म्हणून मी माझा कान तुटलेला चहाचा मग बादलीत आडवा ठेवला.

मासा सोडला. तो सरळ मगात घुसला आणि दिसेनासा झाला. आम्ही बादलीभोवती जमिनीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मगाच्या तोंडातून एक बावळट डोकं बाहेर आलं. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरले. मग ते हिच्यावर थांबले.

"अगं बाई," ही म्हणाली. आणि रडायला लागली, आणि हसायलाही.

मंगळवार, १ एप्रिल

टाकीतलं पाणी तयार होईपर्यंत मासा मासेबाईंकडे पाहुणा म्हणून राहतोय. मगही सोबत गेलाय. तो मग सोडायला तयार नाही.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तरुण, चटपटीत माणूस. यंत्रातून बघत म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचा चांगलाच पिकलाय. बाहेरचं सगळं पिवळ्या-तपकिरी काचेतून बघताय तुम्ही. काय काम करायचात?"

उत्तर हिने दिलं, "रंग जुळवायचे."

डॉक्टर यंत्रामागून बाहेर आला. म्हणाला, "भिंग बदललं की परत दिसतील, आजोबा. आधी उजवा करू." आजोबा म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

आज जेवताना विचारलंच. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा म्हटलं, डोळे दाखवा. तीनदा तुम्ही चष्मा पुसलात."

"सरळ सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही."

तिने घास खाली ठेवला. "सांगणार होते. पण तुम्ही त्या नळीकडे बघताना तुमचा चेहरा कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक नाही. निवृत्त झाल्यापासून मी तो चेहरा बघितला नव्हता. म्हटलं, असू दे. मी मागून बघत जाईन. ते डिजिटल घेतलं असतंत तर कोणाला काही कळलंही नसतं."

"आणि मला कळू नये म्हणून तू किती दिवस अशी धावपळ करणार होतीस?"

"एक्स्चेंजमध्ये मी एका वेळी किती लाइनी सांभाळायचे, माहितीये ना?"

मी जेवलो. पण मनातली गोष्ट बाहेर आली नाही, ती इथे लिहितो. मला शस्त्रक्रियेची भीती नाही. भीती ही आहे, की ती झाल्यावरही मला पिवळा आणि हिरवा कळला नाही तर? आज मला भिंगाला दोष देता येतो. नंतर कशाला देणार? डोळा गेला तर 'डोळा' कोण?

सोमवार, १४ एप्रिल

उद्या शस्त्रक्रिया. वरची भीती शेवटी हिला बोलून दाखवली. आम्ही टाकीसमोर बसलो होतो. रिकाम्या टाकीसमोर बसायची सवय लागली आहे. दगडांवर बारीक तपकिरी शेवाळ आलंय, निदान मला तपकिरी दिसतं.

ती म्हणाली, "नाही कळला तर मी सांगेन. काय त्यात?"

"जन्मभर सांगशील?"

"जन्मभर तुम्ही मला सांगितलंत. पडदा कुठला, भिंत कुठली, माझ्या स्वेटरला कुठली लोकर. मी कधी कटकट केली?"

"खूप केलीस."

"मग तुम्हीही करा."

एवढं झाल्यावर झोप बरी लागेल असं वाटतंय.

गुरुवार, १७ एप्रिल

काल पट्टी काढली. थोडंच लिहायची परवानगी आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

निळा! निळा रंग असा असतो हे मी विसरलो होतो. दवाखान्याच्या दारातली पाण्याची प्लॅस्टिकची बादली बघून मी थांबलो. ही म्हणाली, "चला, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू दे." ती बादली कोणी तरी साधी फरशी पुसायला ठेवली होती. तिच्यातला निळा आमच्या खात्यात कोणी मिसळून आणला असता, तर मी त्याला शाबासकी दिली असती.

घरी आलो. आधी डावा डोळा झाकून बघितलं, मग उजवा. डाव्याने भिंत जुन्या कागदासारखी, उजव्याने पांढरी. दिवा पांढरा. शर्ट पांढरेशुभ्र. साबणाची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग हिच्याकडे वळलो. आधी उजवा उघडा.

"तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"झाली असतील काही वर्षं. का?"

मी डोळा बदलला. "या डोळ्याने सोनेरी दिसतात. मला वाटायचं, उन्हाने होतात तसे."

ती आरशात बघायला गेली नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तो डावा राहू दे तसाच. नका करू त्याचं."

शनिवार, २६ एप्रिल

डॉक्टरांनी बाहेर जायची मोकळीक दिली. आज पाणी तपासलं. थेंब मोजून टाकले, नळी हलवली, पांढऱ्या कागदापुढे धरली. पिवळा. पण यावेळी मला माझी खात्री नव्हती. महिन्यापूर्वीही मला पिवळाच दिसला होता. मग मी एक युक्ती केली. फुलवाल्या बाईंकडून एक पान आणलं आणि शेजारी धरलं. पान हिरवं. पाणी पिवळं. दोन वेगळे रंग, आणि मध्ये मी मोजू शकेन इतक्या छटा. कार्डाचे चौकोनही सगळे वेगवेगळे निघाले. ती छपाई उत्तम आहे. त्या अनोळखी छटा जुळवणाऱ्याला मी उगाच शिव्या दिल्या.

हिला हाक मारली. तिने बघितलं. "पिवळा," आम्ही एकदम म्हणालो.

तरी दुपारी हिच्यासोबत मासेबाईंकडे जाऊन मी ते डिजिटल यंत्र घेतलं. ही चकित झाली. "आता कशाला? आता तर दिसतंय."

"खारटपणाचंही डिजिटल घेतोय. आकडे मोठे आहेत, तुला चष्म्याशिवाय वाचता येतील."

"मला दिसतं ते दुर्बिणीतून."

"आज दिसतं. मी एकटाच बघत बसलो आणि काय झालं ते बघितलंस ना? उद्या मी नसलो घरी, किंवा तुला कंटाळा आला, तर माशाने का म्हणून भोगायचं?"

मासेबाई पिशवी भरत होत्या. म्हणाल्या, "काका, अमोनियासाठी थेंबही ठेवा हं. यंत्र बिघडलं की शेवटी डोळाच लागतो."

त्यांना माझं कारखान्यातलं नाव माहीत नाही. मी घरी येईपर्यंत गाडीत हसत होतो. गाडी हीच चालवत होती. डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचाय. हिने शेवटी परवानगी दिली.

रविवार, ४ मे

मासा आज सकाळी टाकीत आला. कालपासून पाणी दोनदा तपासलं, थेंबांनी आणि यंत्राने. मासेबाई स्वतः त्याला सोडायला आल्या. त्यांना म्हणे खात्री करायची होती की मी त्याला नीट वागवतो. तुटका मग त्यांनी धुऊन परत दिला. माशाला टाकीत तो नको होता. तो थेट दगडांच्या मागे गेला आणि गायब झाला. तासन्‌तास पत्ता नाही.

लेकीचा व्हिडिओ कॉल झाला. तिला रिकामी टाकी दाखवली. "सुंदर आहे हो मासा," ती म्हणाली. आम्ही तिला रागावलो.

जेवण झाल्यावर ही टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाहेर येईपर्यंत उठणार नाही. मी पाणी काढून घेतलं, थेंब टाकले. वळून सांगणार तर ही झोपलेली. मान एका बाजूला, चष्मा नाकावर घसरलेला. दुपारची झोपणारी ती नाही. गेले कित्येक महिने ती माझ्या मागे एक पाऊल ठेवून चालत होती. पायऱ्या, किल्ल्या, नळ्या. माझ्या डोळ्यांचं काम तिने स्वतःच्या डोळ्यांवर घेतलं होतं आणि मी तिला हौस, आवड, टापटीप अशी नावं देत बसलो. डोळ्यांखाली किती काळं झालंय. हे मला कोणत्याही डोळ्याने आधी दिसायला हवं होतं.

मी चष्मा हळूच काढून ठेवला. पडदा ओढला. रंग बघितला, मोजला, नळी धुतली, सगळं जागेवर ठेवलं. आणि तिच्या शेजारी बसलो.

तेव्हा तो आला. दगडातलं एक भोक, इतका वेळ रिकामं होतं, त्यात ते बावळट तोंड उगवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पोटावर सरकत सरकत पुढच्या दगडावर, अगदी काचेला लागून, येऊन बसला. टाकीवरच्या दिव्याच्या निळ्या उजेडात त्याच्या अंगावर बारीक नारिंगी ठिपके होते. मासेबाईंनी हे सांगितलंच नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, तेव्हा मला दिसले नव्हते.

तिला उठवावं असं वाटलं. हात पुढेही केला. नाही उठवलं.

ऊन कललं तशी ती जागी झाली. तोपर्यंत तो परत भोकात गेला होता.

"आला होता?" तिने चष्मा शोधत विचारलं.

"आला होता."

"मला उठवायचं नाही? काय केलं त्याने?"

"काही नाही. इथे, तुझ्या समोर बसला. आणि तुझ्याकडे बघत होता."

"किती वेळ?"

"बराच वेळ," मी म्हटलं. "आम्ही दोघेही."